रविवारी गुलाबांचा संकर: येताना काय आणायचं

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ७.३० ला कोथरूडच्या नेहमीच्या गच्चीवर जमायचं आहे. उशीर नको, ऊन चढलं की परागकोश (फुलातल्या परागांच्या पिशव्या) फुटतात आणि फूल स्वतःच्याच परागांनी फळतं.

– मादी झाड (ज्यावर फळ धरायचं ते) कुंडीसकट आणा. कळी अर्धवट उमललेली हवी. कुंडी जड असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.
– नर फुलाचे (ज्याचे पराग वापरायचे त्याचे) परागकोश शनिवारीच काढून कागदावर सावलीत सुकवा. पिवळी पूड सुटली की डबीत भरा.
– चिमटा, बारीक ब्रश, कागदी पिशव्या, दोरा.
– लेबलवर आधी मादी, मग नर, मग तारीख. पेन्सिलनेच! गेल्या वर्षी फवारणीत माझी शाई धुऊन गेली आणि आठ फळं बेवारस झाली.

फळ पिकायला साधारण चार महिने लागतात. तोवर त्या फांदीला कात्री लावू नका.