स्थानकाचं टिंब कुठे देताय, मंत्रिमहोदय?

माननीय नगरविकास मंत्री यांस,

सादर नमस्कार.

लाइट रेलच्या (मेट्रोपेक्षा हलक्या, शहरी रेल्वेच्या) आराखड्यावर हरकती मागवल्या की बहुतेक पत्रं मार्गाबद्दल येतात. इकडून न्या, तिकडून नको, आमच्या दारावरून तर मुळीच नको. माझी हरकत मार्गाला नाही, नकाशावर टिंब देऊन ठरवलेल्या स्थानकांच्या जागांना आहे. भूसंपादनाची कटकट नको म्हणून महामार्गाचा दुभाजक किंवा एखादं पडीक सरकारी आवार निवडलं जातं. काम लवकर उरकतं, हे खरं. पण तिथून चालत कुठे जाता येतं, हा प्रश्न फाइलमध्ये फार उशिरा येतो.

अहवालात '500 मीटरच्या परिघात' असं लिहून नकाशावर वर्तुळ काढतात. त्यात साधारण 78 हेक्टर जमीन येते. माणूस मात्र रस्त्याने चालतो. सगळे रस्ते काटकोनात आणि मोकळे असले, तरी 500 मीटर चालून पोचता येईल असा भाग जेमतेम 50 हेक्टर भरतो. मध्ये महामार्ग आला की त्यातलाही बराचसा गळतो.

दुभाजकातल्या फलाटावर उतरून बघा. शेजारचा काय बोलतोय ते ऐकू येत नाही. जिना चढा, पुलावरून सगळ्या मार्गिका ओलांडा, जिना उतरा. मग महामार्गावर चढणाऱ्या गाड्यांचा वळणरस्ता लागतो आणि तिथे वेग कमी करायची कुणाची तयारी नसते. समोरची इमारत पहिल्यापासून डोळ्यांसमोर असते. पोचायला दहा मिनिटं लागतात. गुडघे दुखणारं माणूस हे एकदा करील. दुसऱ्या दिवशी पुन्हा बस.

अमेरिकेत राजधानी वॉशिंग्टनला लागून असलेल्या आर्लिंग्टन काउंटीपुढे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) हाच पेच होता. महामार्गाच्या मधून मेट्रो नेणं स्वस्त पडलं असतं. काउंटीने आग्रह धरला आणि मेट्रो विल्सन बुलेव्हार्डच्या मरगळलेल्या बाजारपेठेखालून गेली. 1979 मध्ये ती बॉल्स्टनपर्यंत पोचली. आज तिथे उंच इमारती स्थानकांना चिकटून आहेत आणि थोडं आत गेलं की जुनी बैठी घरं. त्याच मार्गाचा 1986 चा पुढचा तुकडा महामार्गाच्या मधून जातो. तिथल्या ईस्ट फॉल्स चर्च स्थानकावर उतरलं की फरक लगेच कळतो. (ती मेट्रो, आपली लाइट रेल, असं आपले सल्लागार म्हणतीलच. चालणाऱ्याला त्याचं काय?)

दुसरं उदाहरण अस्सल लाइट रेलचं, अमेरिकेच्याच मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहराचं. युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवरच्या मार्गात पूर्वेकडच्या गरीब वस्त्यांमध्ये स्थानकं मैलमैलभर लांब ठेवली होती. म्हणजे ज्यांच्याकडे मोटार नाही, त्यांनाच जास्त चालायचं. कारण होतं निधीसाठीचं तिथल्या केंद्र सरकारचं सूत्र: खर्चाच्या मानाने प्रवाशांचा वेळ किती वाचतो. थांबा वाढवला की लांबच्या प्रवाशांचा वेळ वाढतो आणि प्रकल्प कागदावर नापास. रहिवासी चिवटपणे मागे लागले. जानेवारी 2010 मध्ये सरकारने निकष बदलला, आणि हॅमलाइन, व्हिक्टोरिया व वेस्टर्न ही तीन स्थानकं मिळाली. 2014 मध्ये गाडी धावली. याच भागातली रॉन्डो ही कृष्णवर्णीयांची वस्ती पूर्वी महामार्गासाठी उद्ध्वस्त झाली होती. 'विकास' म्हटल्यावर तिथले लोक का बिचकत होते, हे वेगळं सांगायला नको.

बिचकण्याचं कारण आपल्याकडेही आहेच. स्थानकाचं टिंब नक्की झालं की भोवतीचं चटईक्षेत्र (म्हणजे भूखंडावर किती बांधता येतं ते) वाढतं, जागेचा भाव चढतो. जमीनमालकाला ते आधी कळतं, बिल्डरला त्याहून आधी, आणि भाडेकरूला घर रिकामं करायची नोटीस आल्यावर. म्हणून स्थानक ठरवणं हा निव्वळ अभियंत्यांचा निर्णय समजू नका. त्या परिसरात पुढे कोण राहणार, हेही त्यातच ठरतं.

तेव्हा प्रत्येक स्थानकासाठी वर्तुळाऐवजी प्रत्यक्ष चालण्याचा नकाशा काढायला लावा. त्यात कुंपणं, जिने, बंद गल्ल्या सगळं दिसू द्या. ज्या जागा नाकारल्या, त्या का नाकारल्या तेही सोबत छापा. आणि वाढीव चटईक्षेत्राची अधिसूचना काढण्याआधी, आज तिथे भाड्याने राहणाऱ्यांना त्याच परिसरात घर मिळेल हे लेखी द्या. एवढं जोडून आराखडा पुन्हा हरकतींसाठी ठेवलात, तर माझी हरकत मी स्वतः येऊन मागे घेईन.

आपला,
रोज चालत स्थानक गाठणारा एक प्रवासी