माती, मॅट, जाकीट आणि तुम्ही

आदरणीय मॅडम,

तुमच्या निवृत्तीला आम्ही सत्कार ठरवला आणि तुम्ही तो होऊ दिला नाहीत. शाल-श्रीफळ नको, भाषणं नकोत, त्यापेक्षा ज्यूदोच्या हॉलमधल्या सगळ्या मॅट धुऊन काढा, म्हणालात. मॅट धुतल्या. बोलायचं मात्र राहून गेलं. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. माझा फोटो छापून येतो तेव्हा खाली ‘कुस्ती, ज्यूदो, कुराश आणि सांबो खेळणारी’ असं असतं. कुराश आणि सांबो म्हणजे ज्यूदोसारख्याच जाकीट घालून लढायच्या परदेशी कुस्त्या. हे चार खेळ एका अंगात कुणी बसवले, ते त्या ओळीत येत नाही. ते लोकांना कळायला हवं.

सुरुवात आबांपासूनच करायला हवी. आमच्या कागलकडच्या गावात मुलींना आखाड्यात उतरवणारे वस्ताद तेव्हा मोजकेच होते, त्यांतले आमचे आबा एक. त्यांच्या हाताखालची मुलगी ज्यूदोला न्यायची म्हणजे तुमच्यासाठी सोपं काम नव्हतं. दुसरं कुणी असतं तर मला परस्पर हॉलवर बोलावून घेतलं असतं. तुम्ही तालमीत आलात. चपला बाहेर काढल्यात, मारुतीला नमस्कार केलात, आणि आबा ‘या’ म्हणेपर्यंत उंबऱ्यावर थांबलात. आबांनी विचारलं, “जाकीट धरून कसली कुस्ती?” तुम्ही भिंतीवरच्या खाशाबा जाधवांच्या फोटोकडे बघितलंत. मातीत वाढलेले खाशाबा 1948 ला लंडनला मॅटवर उतरले आणि सहावे आले, 1952 ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. “माती सोडली म्हणून त्यांची कुस्ती कमी झाली का, आबा?” एवढंच बोललात. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “न्या. पण सकाळचे जोर-बैठका इथंच.” ती अट तुम्ही शेवटपर्यंत पाळलीत. दोन गुरू एका पोरीवर हक्क सांगतात तेव्हा त्या पोरीचे हाल होतात, हे मी इतर मुलींच्या बाबतीत जवळून पाहिलं आहे. माझ्या वाट्याला ते आलं नाही, ते तुमच्या त्या उंबऱ्यावर थांबण्यामुळे.

हॉलवर आले तेव्हा माझा हुकमी डाव एकेरी पट. खाली वाकायचं, पाय उचलायचा, खेळ संपला. तुम्ही तो बघून मनापासून शाबासकी दिलीत आणि मग सांगितलंत की ज्यूदोत हा चालणार नाही. 2013 पासून उभ्या लढतीत कमरेखाली हात घालायला पूर्ण बंदी. म्हणजे पट गेला, कलाजंग गेली, माझं निम्मं शस्त्रागार गेलं. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही वहीत दोन रकाने आखलेत. एकीकडे आबांनी शिकवलेलं, दुसरीकडे ज्यूदोत चालणारं. धोबीपछाड येते ना? मग ज्यूदोतल्या सेओई-नागेचं, खांद्यावरून फेकण्याचं अंग तुझ्यात आहेच, फक्त दंडाऐवजी बाही धरायची. ढाक येते? कमर तीच, हाराई-गोशीत पाय जरा जास्त झाडायचा. बाहेरची टांग ओसोतो-गारीच्या अगदी दाराशी आहे. त्या वहीत ‘हे विसर’ असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. चालत नाही त्या डावांपुढे तुम्ही ‘राखून ठेव’ लिहिलं होतंत.

मग पडायला शिकवलंत. पैलवानाला हे किती अवघड जातं, ते मातीत न उतरलेल्याला सांगून कळणार नाही. पाठ लागली की कुस्ती गेली, हे हाडात मुरलेलं असतं. हवेत असतानाच अंग आपोआप पोटावर वळतं, नाहीतर डोकं टेकवून, पाठ उचलून कमानीसारखा ब्रिज घेतं. ज्यूदोत ब्रिजवर पडलं तरी तो पाठीवर पडल्यासारखाच इप्पोन, म्हणजे लढत तिथेच संपवणारा पूर्ण गुण, धरतात, आणि मानेला धोका असतो तो वेगळाच. अख्खा पावसाळा तुम्ही मला फक्त उकेमी, म्हणजे न लागता पडायचा सराव, करायला लावलंत: हनुवटी छातीला, हात मॅटवर सपाट, श्वास बाहेर. पण पोटावर वळायची सवय मोडली नाहीत. सरावात नीट पड, स्पर्धेत मात्र वळ, म्हणालात. पोटावर पडलं तर गुण जात नाही. ते वळणं माझ्या किती लढती वाचवून गेलं!

पकडीसाठी तुम्ही दोरीच्या मल्लखांबावर जुनं जाकीट गुंडाळून मला वर चढवायचात. बोटं सोलून निघायची. नंतर स्वतःच्या हाताने एकेका बोटाला टेप गुंडाळून द्यायचात, घट्ट नाही, सैलही नाही. आता मी लहान मुलींना टेप लावते तेव्हा तुमच्या हाताचा दाब आठवून लावते.

आणि वजन. महिलांच्या ऑलिंपिक वजनगटांत कुस्ती आणि ज्यूदो या दोन्हींत सारखा आकडा एकच आहे, 57 किलो. हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं, तुम्ही पहिल्याच आठवड्यात हेरलंत. कुस्तीत लढतीच्या दिवशी सकाळी वजन होतं आणि दुसऱ्या दिवशी लढत असेल तर पुन्हा होतं; आंतरराष्ट्रीय ज्यूदोत आदल्या संध्याकाळी. दोन्ही खेळणाऱ्या मुलीला ज्यूदोच्या हिशोबाने वजन उतरवायची सवय लागली तर कुस्तीत ती मार खाते, म्हणून तुम्ही माझं वजन वर्षभर हाताशी ठेवलंत. भाकरी बंद नाही, पाणी तोडणं नाही. ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिसला अंतिम फेरीच्या सकाळी विनेश फोगाट 100 ग्रॅमनी बाहेर गेल्या, त्या दिवशी मी तुम्हाला फोन केला होता. तुम्हाला बोलवत नव्हतं. मलाही.

घरच्या पैशांचं लिहू का नको, असं वाटत होतं. लिहितेच. चैत्रात जत्रा सुरू झाल्या की गावोगावच्या मैदानांत मुलींच्या कुस्त्याही लागतात, आणि त्या इनामावर आमच्या घरचं बरंच काही अवलंबून असायचं. ज्यूदोचे प्रशिक्षक साधारणपणे याला नाहीच म्हणतात. दुखापत झाली तर वर्ष वाया, आणि मातीवरच्या कुस्तीला गुण नाहीत, ठरलेली वेळ नाही. तुम्ही माझ्या सरावाचं वेळापत्रकच जत्रांभोवती बसवलंत. एकदा तर सुट्टीच्या दिवशी एसटीने आलात. हलगी कडाडत होती आणि तुम्ही बायकांच्या घोळक्यात पदर खोचून उभ्या होतात. मी धोबीपछाडीवर कुस्ती मारली तेव्हा तुम्ही इतक्या जोरात ओरडलात की निवेदकाने नाव विचारलं. तुम्ही आबांचं नाव सांगितलंत.

2018 ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कुराश पहिल्यांदा आला. महिलांच्या 52 किलोत पिंकी बल्हाराने रौप्य आणि बेळगावच्या मलप्रभा जाधवने कांस्य मिळवलं. दोघीही ज्यूदोतून आलेल्या. तुम्ही मला ते दाखवलंत आणि सरळ म्हणालात, “जमिनीवर तू अडकतेस. कुराशमध्ये जमिनीवर लढतच नाहीत. खाली गेलं की पंच उभं करतो. हा तुझा खेळ आहे, आणि तो माझ्यापेक्षा चांगला शिकवणारे आहेत.” मग स्वतः फोन करून मला त्यांच्याकडे पाठवलंत. जिल्ह्याच्या ज्यूदो संघातली तुमची हुकमी मुलगी तुम्ही आपल्या हाताने सोडलीत. त्या वर्षी संघाचा निकाल काय लागला, ते मला माहीत आहे. तुम्ही त्याबद्दल मला कधी अवाक्षरानेही बोलला नाहीत.

सांबोपर्यंत पोचले तेव्हा तर मला तुमच्या वहीचीच आठवण झाली. अंगात जाकीट, कमरेला पट्टा, म्हणजे तुमची पकड चालते. आणि पायाला हात घालता येतो! राखून ठेवलेला पट तिथे बाहेर निघाला. उजव्या हाताने तुम्ही शिकवलेली कॉलर, डाव्या हाताने आबांनी शिकवलेला पाय. शिवाय तिथे समोरच्याला पाठीवर फेकून आपण उभं राहिलो तर लढत तिथेच जिंकली जाते. मातीत वाढलेल्या मुलीला यापेक्षा काय हवं? पायाच्या सांध्याचे कुलूप-डाव नव्याने शिकावे लागले, ते अजून शिकतेच आहे.

लोक मला विचारतात, एकाच खेळात राहिली असतीस तर आणखी वर गेली असतीस का? मला तसं वाटत नाही. एका खेळात माझ्यासारख्या मुलीला मिळणारी संधी थोडी असते: एक निवड चाचणी हुकली की वर्ष जातं. प्रत्येक वेळी एक दार बंद झालं तेव्हा पुढच्या दाराचे नियम मला आधीच पाठ होते, कारण तुम्ही ते नियमपुस्तक रात्री बसून मराठीत उतरवून दिलं होतं. ती हस्तलिखितं माझ्याकडे आहेत. त्यांच्या प्रती आता पाच-सहा तालमींत फिरताहेत. तुम्हाला न विचारता दिल्या, रागावू नका.

एक काम आहे. आबांच्या तालमीत या वर्षी मुलींची नवी तुकडी आली आहे. त्यातल्या दोघी पट काढून झाल्यावर समोरचीचा शर्ट धरतात, आबा ओरडतात आणि मग माझ्याकडे बघतात. मी त्यांच्यासाठी जुनी जाकिटं शिवून घेतली आहेत. गुरुवारी सकाळी येता का? आबांनी स्वतः विचारायला सांगितलं आहे. या वेळी उंबऱ्यावर थांबायचं नाही, असंही सांगितलं आहे.

तुमची विद्यार्थिनी