कागदावर आम्ही स्वखुशीने गेलो

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई
यांस,

स. न. वि. वि.

आपल्या खात्याच्या नाशिक कार्यालयातले कागद चाळले, तर अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यातून कोणाला कमी केल्याची नोंद सापडणार नाही. आम्हाला कोणी काढलंच नाही. आम्ही सगळ्यांनी एकाच दुपारी, ‘वैयक्तिक कारणास्तव’, राजीनामे दिले. क्वालिटी, परचेस, मेंटेनन्स, स्टोअर्स आणि अकाउंट्समधल्या माणसांना एकदमच वैयक्तिक कारणं सुचली आणि ती सगळ्यांनी एकाच मजकुरात लिहिली. स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी.

मी क्वालिटीत होतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर नवी नोकरी शोधतो आहे, आणि दुसरं म्हणजे ही रीत त्या एका कंपनीपुरती नाही. सातपूर, सिन्नर, गोंदे, कुठेही चौकशी करा, मालक बदललेल्या कारखान्यातला कोणी ना कोणी हेच सांगेल.

कंपनी एका मोठ्या ग्रुपने विकत घेतली तेव्हा कॅन्टीनमध्ये सभा झाली होती. कोणाच्याही नोकरीला धक्का लागणार नाही, असं नव्या साहेबांनी सांगितलं, पेढेही वाटले. मग कोण काय काम करतं याचे तक्ते भरून घेतले. आम्ही ते मन लावून भरले. पुढे एक दिवस एकेकाला कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. मोबाईल बाहेर ठेवायचा. आत एचआरची आमची मॅडम आणि मुंबईहून आलेले एक अनोळखी गृहस्थ. टायपलेला राजीनामा समोर. आत्ता सही केली तर तीन महिन्यांचा पगार, नाही केली तर टर्मिनेशन, आणि मग पुढच्या कंपनीने बॅकग्राउंड चेक केला की ते दिसणारच. विचार करायला घरी जाऊ का, तर नाही.

मी कारण विचारलं. माझं काम कमी पडलं का? नाही, रेटिंग चांगलं आहे. माझी जागा रद्द झाली का? त्यावर गृहस्थ म्हणाले, हा ग्रुपचा निर्णय आहे. तेच वाक्य त्यांनी मला तीनदा ऐकवलं आणि माझ्यानंतर आत गेलेल्यांनाही. कंपनीची बस साडेपाचला असते, तोवर थांबू नका, रिक्षाने जा, असंही सांगितलं. रिक्षाचे पैसे मात्र हिशोबात धरलेले दिसले नाहीत.

साहेब, कारण सांगणं हा शिष्टाचार असता तर मी पत्र लिहिलं नसतं. कायद्यात पुढचं सगळं त्याच एका कारणावर उभं आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 25-एफ होतं. आता 2020 ची औद्योगिक संबंध संहिता आली, 21 नोव्हेंबर 2025 पासून ती लागू झाली, तिच्यातही तीच तरतूद आहे. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचं तर कारण लिहून एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यायचा, दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांची भरपाई द्यायची, आणि सरकारला कळवायचं. एकदा का कागदावर ‘जागा जास्त झाल्या’ असं लिहिलं की मालक बांधला जातो. मग त्या प्रकारच्या कामावर शेवटी आलेल्याला आधी कमी करावं लागतं, नाहीतर त्याचंही कारण नोंदवावं लागतं. वर्षाच्या आत तीच जागा भरायची झाली तर काढलेल्याला आधी विचारावं लागतं. माझ्या जागेवर आता कंत्राटदारामार्फत आलेला एक मुलगा बसतो, निम्म्याहून कमी पगारात. त्याचा काही दोष नाही. पण मला कारण लिहून दिलं असतं तर त्याला तिथे बसवताना एचआरला दहादा विचार करावा लागला असता. न सांगण्याचं कारण हेच.

राजीनामा घेतला की यातलं काहीच लागू होत नाही. नव्या संहितेत कमी केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचा पगार कौशल्य निधीत भरायचा आहे. राजीनामा दिलेल्याच्या नावे तोही भरावा लागत नाही. म्हणजे आपल्या सरकारने मोठ्या कौतुकाने सांगितलेली योजनाही त्या कॉन्फरन्स रूमच्या दाराशीच थांबते.

वकिलाकडे गेलो तेव्हा आणखी दोन गोष्टी कळल्या. उद्योग दुसऱ्याच्या हातात गेला तर कामगारांना नोटीस आणि भरपाई देण्याचं कलम आहे, पण ते उद्योगाचं हस्तांतर झालं तर. आमच्याकडे फक्त शेअर विकले गेले. बोर्ड बदललं, मालक बदलला, गेटवरचा रंगसुद्धा बदलला, पण कायद्याच्या लेखी नोकरी देणारी कंपनी तीच. दुसरी गोष्ट माझ्या पदाची. माझ्या पत्रावर ‘असिस्टंट मॅनेजर’ लिहिलंय. माझ्या हाताखाली कोण होतं? मोजमापाच्या गेजचं एक कपाट आणि एक प्रिंटर. पद नव्हे तर प्रत्यक्ष काम पाहायचं, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलंय, पण ते सिद्ध करायला वर्षं जातात आणि घराचा हप्ता दर महिन्याला असतो. देखरेखीचं काम करणारा महिना 18,000 रुपयांहून जास्त पगार घेत असेल तर संहितेत तो कामगारच नाही. आज अंबडमध्ये 18,000 रुपयांत कोणता सुपरवायझर मिळतो, हे आपल्या अधिकाऱ्यांनी एकदा सांगावं.

ऑपरेटरला निदान युनियन असते. अडचण आली तर तो सीटू या कामगार संघटनेच्या खुटवडनगरमधल्या भवनात जाऊन बसतो, कोणीतरी अर्ज लिहून देतं. आम्ही स्टाफची माणसं इतकी वर्षं युनियनच्या मोर्च्याकडे खिडकीतून बघत आलो. आता आम्हाला खिडकीही नाही, हा काळाने उगवलेला सूड आहे असं काही जुने ऑपरेटर हसत म्हणतात. त्यांचं हसणं मला फार लागलं नाही.

कंपनी ताब्यात घेताना काहीच सांगायची पद्धत नाही, असंही नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा ताबा कोणी घेत असेल तर शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या 2011 च्या नियमांप्रमाणे बाकीच्या भागधारकांचे शेअर विकत घेण्याचा खुला प्रस्ताव आणावा लागतो. त्या प्रस्तावावर स्वतंत्र संचालकांच्या समितीला आपलं मत कारणांसह द्यावं लागतं. कंपनीची महत्त्वाची मालमत्ता विकायचा इरादा असेल तर तो आधी सांगावा लागतो, नाही सांगितला तर दोन वर्षं सहजी विकता येत नाही. शंभर शेअर घेतलेल्या माणसाला कारणासह पत्र, प्रेस मशीनबद्दल आगाऊ खुलासा. एमआयडीसीचा भूखंडसुद्धा परवानगी आणि शुल्काशिवाय दुसऱ्याच्या नावे होत नाही. हे सगळं असावंच. पण एवढ्या सगळ्यात, माणसांचं पुढे काय करणार, हे नव्या मालकाला कोणत्याच टेबलावर का विचारत नाहीत?

विचारायला आपल्या हातात जागा आहे. खासगी कारखान्यांच्या बाबतीत संहितेतलं ‘समुचित शासन’ म्हणजे बहुतेक ठिकाणी राज्य सरकारच, नियम आपणच करायचे आहेत. मालकी किंवा नियंत्रण बदलल्यापासून वर्षभरात ज्या कारखान्यातून ठराविक संख्येपेक्षा जास्त राजीनामे येतील, त्याने ते कामगार उपायुक्तांना कळवावेत, आणि उपायुक्तांनी त्या माणसांना, एचआरला बाहेर बसवून, एकदा विचारावं. राजीनामा मागे घ्यायला पंधरा दिवस असावेत. पद काहीही असो, कारण लेखी मिळावं. उद्योगांसाठीच्या राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली सवलती घेताना स्थानिकांना 80 टक्के नोकऱ्या देण्याची अट असते. ती अट नव्या मालकालाही लागू राहते की नाही, आणि राहत असेल तर कोण मोजतं, हेही कळावं.

भरपाईचे पंधरा दिवस वाढवायचा अधिकारही संहितेने शासनाला दिलाय. तो विषय मोठा आहे, त्यासाठी वेगळं लिहीन.

कुंभमेळ्याच्या तयारीसाठी मंत्र्यांचे नाशिक दौरे सारखे चालू आहेत. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांच्या पदाधिकाऱ्यांशी बैठका होतात, गुंतवणुकीचे आकडे छापून येतात. पुढच्या दौऱ्यात अर्धा तास आम्हालाही द्यावा. आणि नियम होईपर्यंत नाशिकच्या उपायुक्तांना एवढी तरी सूचना द्यावी, की गेल्या दोन वर्षांत मालकी बदललेल्या कारखान्यांची हजेरीपत्रकं आणि राजीनामे मागवून एका टेबलावर ठेवा आणि त्यावरच्या तारखा बघा.

आपला,
अंबडच्या एका कारखान्यातला माजी क्वालिटी इंजिनीअर
सिडको, नाशिक