तूर उभी आहे

ता. औसा, जि. लातूर
कार्तिक वद्य एकादशी

चि. माईस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "अण्णा, दोन वर्षं झाली, शेअर जागचा हलत नाही. ठेवू का?" तुरीवर फवारा चालू होता, नीट बोलता आलं नाही. शिवाय तुझी आई बाजूलाच होती. तिच्यासमोर मी 'थांबावं' म्हटलं की ती कोठीकडे बोट दाखवते. म्हणून लिहायला बसलो.

कोठीची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. 2021 च्या ऑगस्टात लातूरला सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं, तेव्हा आपल्याकडे विकायला एक कट्टा नव्हता. सगळं रानात हिरवं उभं. मग सरकारनं 12 लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली, नवी रास बाजारात आली आणि भाव उतरला. मी म्हटलं, एकदा दहा पाहिलाय, पुन्हा दिसंल. चाळीस कट्ट्यांची थप्पी लावली. पुढच्या उन्हाळ्यात सात हजारांच्या वर मिळत होते, आडत्यानं दोनदा फोन केला. मी नाही म्हटलं. शेवटी 2023 मध्ये पाच हजारांच्या आत दिलं. उंदरांनी खाल्लं आणि वाळून घटलं ते वेगळंच. आई म्हणते, "तुम्ही धीर म्हणता, मी हट्ट म्हणते." तिचं खरं आहे. कोठीतलं सोयाबीन काही वाढत नसतं. मी नुसत्या भावाची वाट बघत होतो.

तुरीचं निराळं. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर, तुला माहीतच आहे. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीन निघतं, आडत्याची हिशेबाची पट्टी हातात येते, आणि तूर मागं राहते एकटी. रस्त्यानं जाणारा म्हणतो, यात काय आहे? बदनापूरचं 716 वाण आहे, साडेपाच महिने खातं. मी तिचा भाव विचारत नाही, पण दर तिसऱ्या दिवशी बांधावर जातो. कळी धरली का, आभाळ आलं तर अळी पडली का, कामगंध सापळ्यात पतंग किती. एखादं झाड सुकायला लागलं की उपटून खोड चिरतो. मर रोग असला तर आत काळी रेघ दिसते.

तुझ्या शेअरची कंपनी मी तशीच चिरून बघितली. दिवाळीत तू मोबाईलवर निकाल बघायला शिकवलंस ना, तेव्हापासून रात्री चष्मा लावून बसतो; आई हसते. प्रवर्तकांचे, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांचे, शेअर गहाण नाहीत, कर्ज किरकोळ आहे. इथवर बरं वाटलं. पण मार्चअखेरच्या ताळेबंदात नफ्यापेक्षा गिऱ्हाइकांकडचं येणं जास्त वाढलंय. पट्टी फाडली पण पैसे दिले नाहीत, असले आडते मी आयुष्यात पाहिलेत. कागदावर तेव्हा मी पण श्रीमंत होतो. सप्टेंबर सहामाहीचा निकाल 45 दिवसांत द्यावा लागतो, त्यासोबत ताळेबंदही असतो, म्हणजे आता आलेला असेल. तो बघ. येणं वसूल झालं असलं, हाती रोकड आली असली, तर शेअर आणखी दोन वर्षं झोपला तरी ठेव. नसलं, तर मिळेल त्या भावाला सोड. माझ्यासारखी दहा हजार आठवत बसू नकोस.

आणि सोडायचा झाला तर गडबडीच्या दिवशी नको. असल्या बारक्या शेअरला एरवीच गिऱ्हाईक थोडं. खालचं सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव पडायची हद्द, लागलं की विकणाऱ्यांची रांग, घेणारा कुणीच नाही. आठवडी बाजार उठल्यावर मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या बाईसारखं होतं.

तू इन्फोसिसचं सांगितलंस. 1993 साली 95 रुपयांना शेअर देत होते तरी पुरते अर्ज आले नव्हते, हे खरंच आहे. पण 2000 साली भाव कोसळल्यावर नावालाही न उरलेल्या सॉफ्टवेअर कंपन्या होत्याच की. त्यांचे शेअर धरून बसलेल्यांनी काय कमी धीर धरला होता?

पोस्टातली माझी ठेव मोडून आणखी शेअर घेण्याचं मात्र डोक्यातून काढ. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते लातूर शहराला. आपल्या बोअरला कोण आणणार? हातात रोकड नव्हती म्हणून तेव्हा बैलजोडी पडत्या भावात गेली. तांबड्या बैलाचं नाव अजून घरात कुणी काढत नाही. थांबायचं तर घरात दुसरा पैसा लागतो, माय.

येळवस, आपली वेळ अमावस्या, महिन्यावर आली. दोन दिवस आधीच ये, अंबिलीला ताक आपल्याच म्हशीचं आहे. भज्जीला तुरीचे ओले दाणे निघतील असा अंदाज आहे, आभाळानं घात केला नाही तर. येताना कंपनीचा वार्षिक अहवाल छापून आण, मोबाईलवर अक्षरं बारीक दिसतात. रानातल्या कोपीत जेवण झालं की वाचू.

कोठीत यंदाचे तीन कट्टे सोयाबीन ठेवलेत. आईला बियाण्यासाठी म्हणून सांगितलंय. तू काही बोलू नकोस.

तुझे
अण्णा