आत्याला काय विचारायचं

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

आई, मनूच्या पाळीतल्या दुखण्याचा दोष आधी स्वतःवरून काढ. शंका आहे ती एंडोमेट्रिओसिसची. त्यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, बीजकोशावर किंवा आतड्यालगत, वाढतात. जुळ्या बहिणींच्या अभ्यासांत या धोक्याचा साधारण निम्मा भाग आनुवंशिक निघाला. याचा अर्थ निम्म्या मुलींना होतो असा नव्हे. आणि आनुवंशिक म्हणजे फक्त आईकडून नव्हे. बाबा, तुम्हाला पाळी येत नाही, पण आजीकडचा धोका तुमच्यातून मनूपर्यंत येऊ शकतो की!

म्हणून आत्याला विचारा. ‘पिशवी काढली’ एवढ्यावर थांबू नका. अंगावर जायचं म्हणून काढली, गाठीमुळे, की दुखायचं म्हणून? ट्रंकेत जुना बायोप्सीचा कागद असेल तर फोटो पाठवा.

लाळेची जीन टेस्ट मात्र करू नका. इथे एकच बिघडलेला जीन नसतो. २०२३च्या मोठ्या अभ्यासात ६०,६७४ रुग्ण आणि आजार नसलेले सात लाखांवर लोक तपासून डीएनएवर या आजाराशी जोडलेल्या ४२ जागा सापडल्या. डब्ल्यूएनटी४ या जीनजवळची त्यांतलीच एक. प्रत्येक जागा धोका किंचित वाढवते. कुणाला आजार होतो नि कुणाला नाही, या फरकाचा सगळ्या मिळून जेमतेम ५ टक्के उलगडा होतो. तोही युरोपीय आणि पूर्व आशियाई बायकांच्या माहितीवरून. आपल्याकडच्या मुलीला त्यातून काय सांगणार?

त्यापेक्षा मनूला तीन महिने वहीत लिहू दे: पाळीची तारीख, दुखणं दहापैकी किती, गोळ्या किती, शौचाला किंवा लघवीला दुखतं का, कॉलेज किती दिवस बुडालं. बेळगावला डॉक्टर कन्नड बोलणाऱ्या असल्या तर नुसतं ‘होट्टे नोवु’ (पोटदुखी) म्हणू नका, गॅसची गोळी मिळेल. ‘मुट्टिन नोवु’ (पाळीचं दुखणं) म्हणा, आणि आत्याचंही सांगा.

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत बीजकोशातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, दिसते, आतड्यालगतचे बारीक डाग बहुधा निसटतात. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आजार नाही असं धरू नका. गरज पडली तर एमआरआय. सीए-१२५ या रक्तातल्या प्रथिनाची तपासणी निदानासाठी नको, ते पाळीतही वाढतं. डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी २ मिलिग्रॅम रोज लिहून दिली, तर सुरुवातीचे काही महिने मधूनमधून डाग पडतात. तेव्हा घाबरून स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आणि ‘लग्न झालं की थांबेल’ हे कुणी तिच्यासमोर बोलू नये. थांबत नाही.

आत्याला फोन दुपारी करा, घरात गर्दी नसते तेव्हा. बाबा, तुम्हाला अवघडल्यासारखं वाटलं तर आईकडे द्या.

तुमची,
ताई