प्रयोगशाळेत क्यूजीआयएसची आवृत्ती एकच असावी

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत धडगाव तालुक्यातील एका विद्यार्थिनीने आपल्या गावाचे पाडे, विहिरी आणि वनहक्काची हद्द दाखवणारा नकाशा उघडला, तेव्हा ‘ही फाइल नव्या आवृत्तीत जतन केलेली आहे’ अशी सूचना आली आणि पाड्यांची नावे नकाशावरून गेली. तिने तो भावाच्या लॅपटॉपवर, क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या मोफत सॉफ्टवेअरच्या ताज्या आवृत्तीत केला होता. आमच्या संगणकांवर मात्र उबुंटू २२.०४ या लिनक्स संगणक-प्रणालीसोबत येणारी ३.२२ ही आवृत्ती होती, जिची देखभाल क्यूजीआयएस बनवणाऱ्या मूळ प्रकल्पाने २०२३ मध्येच थांबवलेली आहे. हद्दीचे बिंदू सुखरूप होते, कारण ते वेगळ्या फाइलीत असतात. पण रंग, चिन्हे आणि नावे बसवायला घातलेले तीन दिवस वाया गेले.

लिनक्सवर हे वारंवार घडते, कारण उबुंटूचे भांडार, म्हणजे जिथून सॉफ्टवेअर उतरवून घेतले जाते ती जागा, त्या प्रणालीच्या जन्मवेळची आवृत्तीच धरून बसते; २४.०४ मध्येही ३.३४ च आहे. उलट क्यूजीआयएसची नवी आवृत्ती साधारण दर चार महिन्यांनी येते आणि तिच्यात नव्या सोयींबरोबर नवे दोषही येतात. या दोन टोकांच्या मधली वाट म्हणजे प्रकल्पाची दीर्घकालीन आवृत्ती, जिच्यात सुमारे वर्षभर फक्त दुरुस्त्या केल्या जातात. तिचे स्वतंत्र भांडार प्रकल्पाने उबुंटूसाठी उपलब्ध ठेवले आहे आणि ते जोडायला अर्धा तासही लागत नाही. शिकवण्यासाठी, आणि ज्या नकाशावर कुणाच्या जमिनीचा दावा उभा राहणार आहे त्यासाठी तर नक्कीच, हीच आवृत्ती घ्यावी असे माझे ठाम मत आहे.

एक काळजी मात्र घ्यावी लागते: हे भांडार पुढील दीर्घकालीन आवृत्ती आली की अपडेटच्या वेळी तीच बसवते, म्हणून सत्र सुरू असताना क्यूजीआयएसचे अपडेट रोखून धरावे आणि सुटीत सर्व संगणकांवर ते एकदमच करावे.

धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी व कार्यशाळांच्या आयोजकांनी कोणती आवृत्ती वापरली जाणार, हे प्रवेशाच्या सूचनेतच छापावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लांबच्या पाड्यावरून येणाऱ्या मुलामुलींना ते प्रात्यक्षिकाच्या दिवशी कळून उपयोगाचे नाही.

आपला,
भूगोलाचा एक प्राध्यापक, नंदुरबार जिल्हा