मैत्रेयीच्या क्लॅटच्या तयारीबद्दल

नागपूर,
१५ जून

प्रिय अवि,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. मैत्रेयीने अकरावीला आर्ट्स घेतलं आणि तिला वकिलीच करायची आहे, हे वाचून मनापासून आनंद झाला. यवतमाळात कायद्याची कोणती पुस्तकं आणून देऊ, असं तू विचारलंस. सध्या एकही आणू नकोस. क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, ही कायद्याच्या ज्ञानाची परीक्षा नाही, ती वाचण्याची परीक्षा आहे. एवढं एक तुझ्या आणि तिच्या मनात पक्कं बसलं की पुढची निम्मी धावपळ वाचेल.

हिशोबच मांडतो. १२० मिनिटांत १२० प्रश्न. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला पाव गुण वजा. इंग्रजीचे २२ ते २६ प्रश्न, चालू घडामोडी आणि सामान्यज्ञानाचे २८ ते ३२, लीगल रीझनिंगचे (दिलेला नियम प्रसंगाला लावण्याचे) तितकेच, लॉजिकलचे (युक्तिवाद तपासण्याचे) २२ ते २६ आणि गणिताचे १० ते १४. जवळपास सगळे प्रश्न उताऱ्यांवर असतात आणि एकेक उतारा साडेचारशे शब्दांपर्यंत जातो. असे अठरा-वीस उतारे धरले तर आठ-नऊ हजार शब्द झाले. प्रश्न आणि पर्याय वाचायचे ते वेगळेच. मिनिटाला १२० शब्दांच्या गतीने वाचणाऱ्या मुलीची सत्तर मिनिटं नुसत्या उताऱ्यांत जातात. २०० शब्दांची गती असेल तर चाळीस-बेचाळीस मिनिटांत ती मोकळी होते. अर्ध्या तासाचा हा फरक कोणतीही गाईड भरून काढत नाही.

आपल्याकडच्या मुलांची गती कमी पडते त्याचं मुख्य कारण म्हणजे ती मनातल्या मनात इंग्रजी वाक्याचं मराठी करत पुढे सरकतात. शब्दांच्या याद्या पाठ करून ही सवय सुटत नाही. रोज एक इंग्रजी अग्रलेख किंवा लेख घ्यावा, साडेचारशे शब्दांवर पेन्सिलीने रेघ मारावी, घड्याळ लावून न थांबता तिथपर्यंत वाचावं आणि वेळ वहीत टिपावी. मग कागद उलटा ठेवून लेखकाचं म्हणणं मराठीत एका वाक्यात लिहावं. हो, मराठीतच. इंग्रजीत लिहिलं की मुलं मूळ लेखातलेच शब्द उचलतात आणि समजलं नसलं तरी समजल्यासारखं वाटतं. मराठीत तशी लपवाछपवी चालत नाही. अडलेले शब्द नंतर पाहायचे, दिवसाला पाच-सहाच, आणि वहीत लिहिताना शब्द एकटा न लिहिता आख्खं वाक्य उतरवायचं. सुरुवातीला साडेचारशे शब्दांना चार मिनिटं लागतील. दिवाळीपर्यंत ती अडीचवर आली तर गाडी रुळावर आहे असं समज. हितवाद घरी येत असेल तर बातम्यांसाठी चांगला आहे, पण अग्रलेखांसाठी इंडियन एक्सप्रेस किंवा हिंदू यांपैकी एक लावून घे. दोन्ही नकोत, साचलेल्या गठ्ठ्याचंच दडपण येतं.

आता लीगल रीझनिंग. हुशार मुलंही सर्वात जास्त घसरतात ती इथे, म्हणून सविस्तर लिहितो. उताऱ्यात एखादा नियम सांगितलेला असतो, मग एक प्रसंग देतात आणि तो नियम त्या प्रसंगाला लावायला सांगतात. समज, उताऱ्यात असं आहे: नोकराने कामावर असताना केलेल्या चुकीची भरपाई मालकाला द्यावी लागते, पण मालकाचं काम पूर्णपणे सोडून नोकर स्वतःच्या कामाला गेला असेल तर मालक जबाबदार नाही. प्रसंग असा: कळमन्याच्या एका व्यापाऱ्याचा ड्रायव्हर संत्र्यांचा टेम्पो घेऊन कॉटन मार्केटला निघाला. वाटेत तो दोन गल्ल्या वळसा घेऊन बहिणीच्या घरी डबा द्यायला वळला आणि त्या वळशात एका सायकलस्वाराला धडक बसली. व्यापारी जबाबदार आहे का?

बरीच मुलं पटकन 'नाही' लिहितात, कारण ड्रायव्हर खासगी कामाला गेला होता. काहींना इन्शुरन्स आठवतो, काही म्हणतात टेम्पो मालकाचा आहे म्हणजे तोच देणार. दोन्ही गोष्टी उताऱ्यात कुठेच नाहीत. उत्तर 'पूर्णपणे' या एका शब्दात आहे. माल गाडीतच आहे, गाडी कॉटन मार्केटलाच जाणार आहे, वळसा दोन गल्ल्यांचा आहे. म्हणजे मालकाचं काम पूर्णपणे सुटलेलं नाही, तेव्हा व्यापारी जबाबदार. माल उतरवून झाल्यावर तोच टेम्पो घेऊन ड्रायव्हर रामटेकला जत्रेला गेला असता, तर उत्तर फिरलं असतं. हा भेद इंग्लंडच्या कोर्टाने १८३४ सालीच एका निकालात केला होता, पण मैत्रेयीला तो निकाल माहीत असण्याची गरज नाही. तिने 'पूर्णपणे' खाली रेघ मारायला शिकायला हवं. केवळ, परंतु, जर, किंवा, आणि, तोपर्यंत या अर्थाचे इंग्रजी शब्द दिसले की पेन्सिल थांबलीच पाहिजे. 'आणि' असेल तर दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात, 'किंवा' असेल तर एक पुरते. पर्यायांतही निकाल आणि कारण असे दोन भाग असतात. निकाल बरोबर आणि कारण उताऱ्याबाहेरचं, असा पर्याय हमखास एक तरी असतो. म्हणून आधी निकालावरून दोन पर्याय खोडायचे, मग उरलेल्या दोघांचं कारण उताऱ्याशी ताडून पाहायचं. कायदा थोडाफार माहीत असलेली मुलं इथे जास्त चुकतात, कारण उतारा खऱ्या कायद्यापेक्षा वेगळा नियम देऊ शकतो आणि तरीही उत्तर उताऱ्याप्रमाणेच द्यायचं असतं.

लॉजिकलचे उतारे त्याच वळणाचे असतात, फक्त नियमाऐवजी युक्तिवाद असतो. गृहीतक ओळखायचं असेल तर ते उलटं करून पाहावं. 'मेट्रोचं तिकीट स्वस्त केलं की सीताबर्डीतली गाड्यांची गर्दी कमी होईल' असं कोणी म्हटलं, तर तिकीट महाग म्हणून लोक गाडी काढतात हे त्याने धरून चाललेलं आहे. ते उलटं कर, 'लोक गाडी काढतात ते तिकीट महाग आहे म्हणून नव्हे', आणि सगळं म्हणणं कोसळतं. जो पर्याय उलटा केल्यावर म्हणणं कोसळतं, तेच गृहीतक.

चालू घडामोडींत मात्र उतारा वाचून भागत नाही. उतारा बातमीचा असतो, प्रश्न तिच्या आगेमागे फिरतात. म्हणून रोजच्या बातम्या उतरवत बसण्यापेक्षा विषयवार पानं करावीत. उदाहरणार्थ 'नवे फौजदारी कायदे' असं एक पान: १ जुलै २०२४ पासून लागू, भारतीय न्याय संहितेत ३५८ कलमं, नागरिक सुरक्षा संहितेत ५३१, साक्ष्य अधिनियमात १७०, १८६०, १९७३ आणि १८७२ च्या जुन्या कायद्यांच्या जागी. खाली जागा सोडायची आणि त्या विषयावर नवीन काही आलं की तिथेच भरायचं. मैत्रेयीच्या परीक्षेसाठी बारावीच्या वर्षातल्या घडामोडी जास्त कामाच्या, त्यामुळे हे पक्कं काम पुढच्या जानेवारीपासून सुरू केलं तरी चालेल. यंदा नुसती वाचायची सवय लागू दे.

गणित दहावीपर्यंतचंच: शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा. आर्ट्सच्या मुली हा विभाग सोडून देतात आणि बारा गुण तिथेच राहतात. रोज वीस मिनिटं, कॅल्क्युलेटरशिवाय. एक सप्तमांश म्हणजे १४.२८ टक्के, एक द्वादशांश म्हणजे ८.३३, अशी वीसपर्यंतची यादी तोंडपाठ हवी.

मॉक, म्हणजे सरावाचे पूर्ण पेपर, अकरावीची परीक्षा झाल्यावरच सुरू कर. आधी जुने पेपर सोडवून घे, पण २०२० पासूनचेच. त्याआधी पेपर २०० प्रश्नांचा आणि सुट्या प्रश्नांचा होता. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत स्वस्तात मिळणारे संच बहुतेक त्याच काळातले असतात. २०२० ते २०२३ मध्ये १५० प्रश्न होते, आताचे १२० हे डिसेंबर २०२३ च्या पेपरापासून. गेली काही वर्षं परीक्षा डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी दुपारी २ ते ४ होते, म्हणून मॉकही दुपारी दोनलाच, जेवणानंतरच्या सुस्तीसकट. चाळीसेक मॉक पुरे. दोन तासांच्या पेपरामागे तीन तास तपासणीला जायलाच हवेत, नाहीतर मॉक देणं म्हणजे रोज वजन करून औषध न घेण्यासारखं होतं. तपासणीची वही वेगळी: प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचं. शब्द सुटला, नियम चुकीचा लावला, उताऱ्याबाहेरचं आणलं, वेळ संपला की अंदाज मारला. दहा मॉकनंतर कोणतं कारण जास्त वेळा लिहिलं गेलंय ते दिसेल, आणि पुढच्या महिन्याचा अभ्यास त्यावरून ठरवायचा.

वेळेची वाटणी साधारण अशी बसते: चालू घडामोडी १३ मिनिटं, लीगल ३४, इंग्रजी २४, लॉजिकल ३०, गणित १४ आणि पाच मिनिटं हातात. ओएमआर शीट, म्हणजे उत्तरांचे गोल रंगवायचा कागद, शेवटी भरायला ठेवू नये. एका गोलाला चार सेकंद धरले तरी १२० गोलांना आठ मिनिटं लागतात, आणि घाईत एक ओळ सरकली की पुढची सगळी उत्तरं सरकतात. एक उतारा संपला की त्याचे पाच-सहा गोल भरायचे. घरच्या मॉकलाही शीट छापून बॉलपेनानेच भरायला लाव, पेनाने भरलेला गोल खोडता येत नाही.

अंदाज मारावा का, हे तिने विचारलंय. चारही पर्याय सारखेच वाटणारे सोळा प्रश्न ठोकले तर सरासरीने चार बरोबर, बारा चूक, पदरात एक गुण. तेवढ्यासाठी वेळ घालवू नये. पण दोन पर्याय खात्रीने खोडता आले असतील, तर आठ प्रश्नांत चार बरोबर, चार चूक, म्हणजे तीन गुण हातात येतात. तिथे न घाबरता गोल भरावा.

क्लॅटवरच सगळं टांगून ठेवू नकोस. आपल्या राज्याची लॉ सीईटी आहे, संगणकावर होते, २०२५ पासून तीही १२० प्रश्नांची झाली. तिथे वजा गुण नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. फरक एवढाच की तिथे घटनेची कलमं, कायद्याच्या लॅटिन संज्ञा असलं थेट विचारतात, ती तयारी डिसेंबरनंतर आणि बोर्ड झाल्यावर करता येते. लॉ कॉलेज चौकातल्या विद्यापीठाच्या कॉलेजचा रस्ता तिकडून जातो. बुटीबोरीकडे वारंग्याला असलेल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा क्लॅटमधून. दिल्लीचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ एआयएलईटी ही स्वतःची परीक्षा घेतं, तिथे लॉजिकलचेच ७० प्रश्न असतात.

तिला आत्ताच नागपूरला आणून क्लासला घालायची घाई करू नकोस. अकरावीचं वर्ष वाचनाचं आहे आणि ते यवतमाळात उत्तम होईल. बारावीत एखादी टेस्ट सिरीज घेतली की पुरे. एकटीने तपासणीची वही ठेवणं जमत नाहीये असं दिसलं, तरच क्लासचा विचार कर.

एक काम मात्र तुझं आहे आणि ते याच उन्हाळ्याच्या शेवटी उरकून टाक. महाराष्ट्राच्या तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांत इथल्या रहिवाशांसाठी जागा राखीव असतात, तेव्हा तिचं अधिवास प्रमाणपत्र काढून घे. जातीचा दाखला, पडताळणी, नॉन क्रिमिलेअर, जे लागू असेल त्याचे अर्जही सेतूत देऊन ठेव. दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते बघ. पडताळणीला महिनोन्महिने लागू शकतात, आणि चांगले गुण मिळूनही कागदासाठी जागा जाते तेव्हा काहीच करता येत नाही.

मैत्रेयीला सांग, आठवडाभर वाचून झालं की वेळ टिपलेलं पान आणि तिची सात मराठी वाक्यं यांचा फोटो मला पाठवायचा. कोणती वाक्यं उताऱ्यातून आली आणि कोणती तिच्या मनातून, ते खूण करून परत पाठवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विलास